पटकीच्या रकान्यातला कांदा

इंग्रजी अमदानीत गावात कोणी मेलं की त्याची नोंद पाटील-कुलकर्ण्यांनी वर पाठवायची असे. मरणाच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर. गावाची बेरीज तालुक्यात, तालुक्याची जिल्ह्यात, आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात. दुष्काळी सालांच्या अहवालांत पटकी आणि पोटाचे विकार हे दोन रकाने फुगतात, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. मला त्यात एक साधी शंका आहे. माळावर खणून काढलेला रानकांदा निखाऱ्यावर भाजून एखाद्यानं खाल्ला, काही तासांत त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले, हातपाय गार पडले, नाडी मंदावली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, तर कुलकर्णी त्याला कुठल्या रकान्यात घालील?

पटकीच्या. मी कुलकर्णी असते तर मीही तिथंच घातला असता. शेजारच्या गावात पटकी चालू आहे, वरून विचारणा येते आहे, आणि मेलेल्याच्या घरात 'यानं काल काय खाल्लं होतं' हे सांगायच्या अवस्थेत कोणी नाही. विषबाधेला वेगळा रकाना नव्हता. साप चावला, विहिरीत पडला, जीव दिला, ते सगळं 'इजा' मध्ये. भुकेपोटी चुकीचा कंद खाल्ला ही इजाही नव्हे आणि रोगही नव्हे.

मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. इतिहास हा माझा प्रांत नाही, हे आधीच सांगते. पण दुष्काळाच्या इतिहासाची पुस्तकं वाचताना मला पानोपानी झाडं भेटतात आणि लिहिणारे त्यांना 'कंदमुळं' या एका शब्दात गुंडाळून पुढं जातात. 'लोक कंदमुळं खाऊन जगले.' कुठली? त्यातली किती खाण्याजोगी आणि किती जीवघेणी? स्वयंपाकघरात कधी उभा न राहिलेला माणूसच असलं वाक्य लिहू शकतो.

आमच्या जिल्ह्याचं हवामान ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कोकणासारखं जून-जुलैवर आमचं भागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस काळ्या रानात मुरला तरच शाळू येतो. शाळू आला तर भाकरी, कडबा, गुरं, सगळंच. १८७६ साली तो परतीचा पाऊस आलाच नाही. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली ती इथलीच. पण १८७६ला दामाजी नव्हता, सर रिचर्ड टेंपल होते. हिंदुस्थान सरकारनं त्यांना दुष्काळी खर्च आटोक्यात ठेवायला पाठवलं आणि जानेवारी १८७७पासून दुष्काळी कामावरच्या मजुरीचा हिशेब ठरला: दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या गड्याला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर माणूस जगत नाही म्हणून जाहीर वाद घातला. इकडं दख्खनमध्ये लोकांनी वाद घातला नाही, कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारकडे खलिते धाडले, त्यांत ही हकिकत आहे.

आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातलं काम. आज मोहोळ तालुक्यात आहे. काम पुरं व्हायला पुढं काही वर्षं लागली. सोलापूरकरांना हिप्परग्याचा एकरूख तलाव जवळचा, पण तो आधीचा, १८७१चा. आष्टी मात्र भुकेल्या माणसांनी खणलेला. आणि खणणं हा मुद्दा मला इथं महत्त्वाचा वाटतो. नांगराखालच्या काळ्या रानात रानकांदा टिकत नाही. तो राहतो मुरमाच्या माळावर, गवताखाली, वीतभर खोल. तलावाचा बांध घालायचा, रस्ता काढायचा, खाणी खोदायच्या, म्हणजे अशाच जमिनीत कुदळ घालायची. उन्हाळ्यात तिथं वर काही दिसत नाही. पान नाही. कुदळीबरोबर एकदम पांढराधोट, हातात मावणारा कांदा वर येतो. कांद्यासारखाच कांदा. एक पौंडाच्या हिशेबावर जगणाऱ्या बाईच्या पायाशी.

त्यात तिचं गाव हे नव्हे. दुष्काळी कामावरची माणसं चार तालुके ओलांडून आलेली असायची. पुष्कळ माणसं तर मोगलाईत गेली होती (निजामाच्या मुलखाला आमच्याकडं म्हातारी माणसं अजून मोगलाई म्हणतात). १८८१च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्याची वस्ती पाच लाख ब्याऐंशी हजारांवर आली आणि १८९१ला साडेसात लाखांवर गेली. दहा वर्षांत एवढी पोरं जन्मत नाहीत. मेले त्यांच्याखेरीज कितीतरी लोक नुसते निघून गेले होते आणि पुढं परतले. निघून गेलेल्या माणसाजवळ त्याच्या रानाची माहिती असते. पायाखालच्या रानाची नसते.

लोकांनी खाल्लं काय, याच्या याद्या मात्र सरकारनं नीट केल्या. १८७७-७८च्या दुष्काळात माणसांच्या पोटात गेलेल्या रानटी वनस्पतींची यादी सर्जन ग्रे यांनी जुळवली. ती डॉ. होजे कामिलो लिस्बोआ या मुंबईत वैद्यकी करणाऱ्या गोवेकर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामातून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडात, १८८६ साली, छापली गेली. (लिस्बोआबाईही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, सुगंधी गवतांवर त्यांनी लिहिलं, एका गवताला शास्त्रीय नाव दिलं. त्या काळात. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.) मग १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक गॅमी यांनी १९०२ साली मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर स्वतंत्र टिपण लिहिलं.

या याद्या वाचणं हा माझा नाद. बरबडा, ज्याचं बी ज्वारीत मिसळून दळायचं आणि भाकऱ्या थापायच्या. लव्हाळ्याचे गड्डे. तांदुळजा, पाथरी, घोळ, कुरडू. यातलं बरंच काही आम्ही दुष्काळ नसतानाही खातो. भाकरीबरोबर कच्ची पाथरी आणि शेंगाचटणी हे ज्यांनी खाल्लं नाही त्यांची मला कीव येते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही जगलेल्यांची यादी आहे. सर्जनला ती सांगायला जो माणूस उभा होता, त्यानं खाल्लेलं त्याला पचलं होतं. ज्याला पचलं नाही त्याची यादी पटकीच्या रकान्यात गेली. आणि जी झाली ती यादी मुंबईत छापली, इंग्रजीत.

इंग्रजीवरून आठवलं. मुंबईच्या विषारी वनस्पतींवर पहिली मोठी लेखमाला लिहिली ती डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी, १८९०च्या दशकापासून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. लष्करी डॉक्टर, मराठी माणूस, शिवाय कवी. टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी मराठीत 'इंदिरा' लिहिलं. म्हणजे कविता मराठीत आणि विषं इंग्रजीत. कीर्तिकरांबद्दल मला आदरच आहे, पण हे उलटं झालं असतं तर माझ्या आजीच्या पिढीला जास्त उपयोग झाला असता.

अर्थात आजीला कीर्तिकरांची गरज नव्हती. ती मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू गावातली. तळपायाला कुरूप झालं की ती रानकांदा भाजून, त्याचा गर कोमट असताना बांधायची. तेवढ्यापुरता तो घरात यायचा आणि लगेच बाहेर जायचा; चुलीपाशी कधी ठेवायचा नाही, कांद्याच्या टोपलीजवळ तर नाहीच. तो ओळखायची तिची रीत मी पुढं वर्गात जशीच्या तशी शिकवली. विळीवर आडवा कापायचा. नाकाशी धरायचा. कांदा असेल तर वास येईल, डोळ्यांत पाणी येईल. रानकांद्याला कांद्याचा वास नाही. कापलेल्या जागी बुळबुळीत चिकट रस सुटतो. तो रस बोटाला लागला की थोड्या वेळानं खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना ते गठ्ठेच्या गठ्ठे दाखवले की वर्गात पहिल्यांदा शांतता व्हायची. आजी कापल्यावर विळी राखेनं घासायची, हात घासायची, आणि मग म्हणायची, "वासाबिगर कांदा म्हंजे इख."

खरं विष मात्र खाजेचं नव्हे. रानकांद्यात हृदयावर काम करणारी द्रव्यं आहेत, डिजिटॅलिसच्या जातीची. थोड्या प्रमाणात ती कफ सोडवतात, म्हणून खोकल्याच्या औषधांत रानकांदा पिढ्यान्‌पिढ्या गेला. भूमध्य समुद्राकाठचा विलायती रानकांदा मिळाला नाही तर आपला चालेल, असं ब्रिटिश औषधकोशानंही मानलं होतं. जास्त प्रमाणात आधी मळमळ, उलटी, जुलाब, आणि मग हृदयाचे ठोके मंद आणि वेडेवाकडे. विलायती रानकांद्याच्या तांबड्या जातीचा उंदीर मारायला उपयोग करत. उंदराला उलटी करता येत नाही म्हणून तो हमखास मरायचा. माणसाला येते, आणि त्या उलटीनंच पुष्कळजण वाचतात. कडूपणाही वाचवतो. पण भाजल्यावर, मीठ लावल्यावर, आणि आठवडाभराची भूक असल्यावर जीभ फार चौकशी करत नाही.

दुसरा गुन्हेगार कळलावी. हिला खड्यानागही म्हणतात. पावसाळ्यात कुंपणावर चढते, पानाच्या टोकाला वळलेला ताणा असतो त्यानं धरून. फूल लाल-पिवळं, पाकळ्या मागं वळलेल्या, आगीची ज्योत उलटी धरावी तसं. इतकं देखणं फूल आमच्या रुक्ष जिल्ह्यात दुसरं नाही. तमिळनाडूनं तर ते राज्यफूल केलं. जमिनीखाली कंद असतो, नांगराच्या फाळासारखा वाकडा, दुभंगलेला. म्हणून संस्कृतात लांगली. आयुर्वेदाच्या सात उपविषांत ती रुई, कण्हेर, गुंज आणि धोत्र्याच्या पंगतीला बसते. बाळंतपण अडलं की सुईणी तिचा कंद वाटून बाईच्या बेंबीखाली लेप द्यायच्या आणि मूल बाहेर येताच लेप पुसायची घाई करायच्या. गर्भ पाडायला आणि जीव द्यायलाही तिचा उपयोग व्हायचा. तेवढ्यापुरती ती पोलिसांच्या कागदांत आली.

वेल वाळून गेल्यावर कंद उकरला तर तो रताळ्यासारखा किंवा करांद्यासारखा दिसतो. इथंच घात होतो. श्रीलंकेत वनस्पतींच्या विषबाधेत कळलावी कायम वरच्या क्रमांकावर राहिली, ती बरीचशी रताळं किंवा करांदा समजून उकडून खाल्ल्यानं. तिच्यातलं विष कोल्चिसीन. सी. जे. एच. वॉर्डन यांनी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात या कंदाचं पृथक्करण करून 'सुपर्बिन' नावाचं द्रव्य काढलं होतं. कोल्चिसीन त्यात आहे हे १९१५ साली इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी पक्कं केलं. कोल्चिसीन पेशींचं विभाजन थांबवतं. शरीरात ज्या पेशी सतत नव्या होत असतात त्यांच्यावर पहिला घाला: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. म्हणून आधी उलट्या आणि पाण्यासारखे, मग रक्ताचे जुलाब. दोन-तीन दिवसांनी मूत्रपिंड, हृदय, रक्त. जो यातून सुटतो त्याचे केस पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पुंजक्यापुंजक्यानं जातात. १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेव्हाच्या सिलोनमधली अशी एक हकिकत छापून आली. कळलावीचे कंद खाल्लेल्या रुग्णाच्या साऱ्या अंगावरचे केस गेले होते. वजनाच्या दर किलोला ०.८ मिलिग्रॅम कोल्चिसीन गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. पन्नास किलोच्या माणसाला चाळीस मिलिग्रॅम. चिमटीत धरावं तर धरल्यासारखं वाटणार नाही एवढं.

आता करांद्याचं पाहा. सह्याद्रीतल्या ठाकर-कातकरी बाया कडू करांदा खातात. त्याच्या चकत्या करतात, राख घालून उकडतात, पाणी टाकून देतात, काही जाती तर टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवून देतात. करांद्यांतली कडू, विषारी द्रव्यं पाण्यात उतरतात आणि वाहून जातात. ही पाककृती शेकडो वर्षांच्या चुकांतून आणि मरणांतून तयार झाली असणार. कोणी प्रयोगशाळेत बसून केलेली नाही. पण तिच्यातून माणूस असा समज करून घेतो की उकडलं की विष मरतं. कोल्चिसीन उकडून मरत नाही. कळलावी उकडा, भाजा, वाळवून दळा, ती तीच राहते. आणि दुष्काळात पाणी टाकून द्यायला पाणी कुठं असतं? ओढ्यात टोपली ठेवायची तर ओढा वाहता हवा. १८७७च्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात वाहता ओढा शोधायचा म्हणजे विनोदच. राख घालून तीनदा उकडायला सरपण हवं, भांडं हवं, आणि तीन वेळा थांबण्याइतका धीर हवा. करांदा खाता येणं ही सुबत्तेची गोष्ट आहे, असं मी म्हटलं की मुलं हसायची. पण ते खरंच आहे. विष उतरवायला वेळ, पाणी आणि जळण लागतं; ज्याला कंद खायची पाळी आली त्याच्याजवळ नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

म्हणून 'अडाणी लोकांनी विषारी मुळं खाल्ली' हे मला मान्य नाही. अडाणी ते नव्हते. आपल्या माळावरचा खाण्याजोगा कंद कुठला आणि टाळायचा कुठला, हे त्यांना अचूक माहीत होतं. त्यांना उचलून परक्या माळावर नेलं, हातात कुदळ दिली आणि ताटात कमी दिलं. मग जे झालं ते झालं.

मुंबईत तेव्हा सरकारचे केमिकल ॲनालायझर होते. डॉ. लायन यांनी त्या खात्याच्या अनुभवावर हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकाचं जाड पुस्तक लिहिलं, वकील आणि पोलीस दोघांनी वापरलं. त्यात विषांचा धांडोळा आहे. पण या खात्याकडे पोटातले अवयव बरणीत घालून पाठवायचे कधी, तर खुनाचा संशय असेल तेव्हा. सोमल, अफू, धोत्रा, कण्हेर. वाटसरूंना धोत्रा घालून लुटणारे ठग इंग्रजांना फार आवडायचे, त्यांच्यावर पानंच्या पानं आहेत. तलावाच्या कामावर कांदा खाऊन मेलेल्या बाईला कोणी मारलेलं नव्हतं. निदान कायद्याच्या भाषेत नव्हतं. तिची बरणी मुंबईला गेली नाही.

१९७२चा दुष्काळ मी स्वतः पाहिला, शाळकरी वयात. लाल मिलोच्या भाकऱ्या, सुकडी, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडीचे ढीग आणि मुकादमाची शिट्टी. आमच्या घरच्या बाया कामावर होत्या, आजी म्हातारी म्हणून पोरं सांभाळायला. कामावर दुसऱ्या तालुक्यातून आलेलं एक कुटुंब होतं. एका संध्याकाळी त्या घरची बाई आणि तिची दोन पोरं ओकायला लागली. आजूबाजूला ओरड झाली की पटकी आली, लोक लांब सरकले. आजी सरकली नाही. ती त्यांच्या तीन दगडांच्या चुलीपाशी गेली आणि राखेच्या कडेला पडलेली साल उचलून तिनं चुरडली, वास घेतला. पांढरी, मांसल, बिनवासाची साल. "ह्यांनी रानकांदा खाल्लाय, पटकी न्हाई," ती मुकादमाला म्हणाली. मुकादमानं मान हलवली. ट्रकमध्ये घालून तिघांना तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, आणि ती वाचली. कागदावर 'गॅस्ट्रो' लिहून आलं. आजीला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता; निरक्षर म्हातारीच्या नाकावर रोगाचं निदान ठरत नसतं. मला मात्र ती साल अजून दिसते, कडेनं जळलेली, आतल्या बाजूनं ओलसर.

पटकी जाऊन गॅस्ट्रो आला, एवढाच शंभर वर्षांतला फरक. आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खाण्यातून गेलेल्या विषारी अळंब्यांना, बेरींना आणि बाकीच्या वनस्पतींना वेगवेगळे संकेतांक आहेत; आपल्या कांद्याचा टी-६२.२. रकाना झाला. त्यात लिहायला आधी कोणीतरी साल उचलून आणावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ला, हॉलंडमध्ये उपासमार झाली तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले. ही गोष्ट जगप्रसिद्ध आहे, संग्रहालयांत मांडलेली आहे. तिथंही धोका तोच होता: ट्यूलिपच्या कांद्याचा मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, आणि नर्गिसासारखे दुसरे फुलकांदे तर खायचेच नाहीत, ते विषारी. पण तिथं हे कसं शिजवायचं याच्या सूचना, पाककृती, डच भाषेत छापून लोकांच्या हातात दिल्या गेल्या, आणि त्याही उपासमार चालू असताना. आमची यादी दुष्काळ संपल्यावर झाली, आणि ती वनस्पतिशास्त्राची भर म्हणून झाली. मराठीत वनौषधींची माहिती घराघरांत गेली ती शंकर दाजीशास्त्री पद्यांच्या 'आर्यभिषक्'सारख्या पुस्तकांतून. पण ते पुस्तक ज्या घरात होतं त्या घरात ज्वारीही होती.

कांद्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा नशीबवान. सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात शेकड्यांनी ट्रक कांदा उतरतो, लासलगावशी आमची स्पर्धा चालते आणि भाव पडला की शेतकरी रडतो, वासाच्या कांद्यानंही आणि भावानंही. त्याच जिल्ह्याच्या नावानं २०१४ साली एका नव्या रानटी फुलकांद्याची शास्त्रात नोंद झाली, क्रायनम सोलापुरेन्स. आमच्याच इथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती केली. नागदवण्याच्या कुळातलाच तो. या कुळातले कांदे ओकारी आणणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. फूल पांढरं, सुरेख. विद्यार्थ्यांना मी त्याचं चित्र दाखवायचे आणि सांगायचे, आपल्या जिल्ह्याच्या नावाचा कांदा आहे, पण भज्यांना चालत नाही.

माळ आता राहिला कुठं? उजनी धरण १९८०ला पुरं झालं आणि जिथं मुरूम होता तिथं ऊस उभा राहिला, द्राक्ष आली, डाळिंब आलं. नान्नजचा माळ माळढोकासाठी अभयारण्य म्हणून १९७९ला राखला गेला, म्हणून तिथलं गवत, आणि गवताखालचे कंद, शिल्लक आहेत. तिथं विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मेंढ्यांमागं एखादा धनगर हमखास भेटायचा. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमच्यासमोर काठीच्या टोकानं खरपुडीचा कंद उकरला. पाऊस पडून आठवडा झाला होता, जमिनीवर जेमतेम दोन नाजूक पानं दिसत होती, आणि पोरं त्यांच्यावर पाय देऊन पुढं गेली होती. त्यानं माती पुसली, वरची साल नखानं काढली, एक फोड स्वतः खाल्ली आणि मग एक मला दिली. आधी स्वतः खायची, मग द्यायची, ही त्यांची रीत. चव गोडसर, कच्च्या बटाट्याला पाण्यानं धुतल्यासारखी.

दहा पावलांवर रानकांद्याचा दांडा उभा होता, पानांआधी येतो तसा, मळकट फुलांचा. मी मुद्दाम विचारलं, "मामा, आणि ह्यो?"

त्यानं बघितलंसुद्धा नाही. "त्यो पायाच्या कुरपाला. खायला न्हवं."

"दुष्काळात खाल्ला असंल की लोकांनी."

"खाल्ला आसंल," तो म्हणाला. "आता कशाला खातंय कोण? रेशनला गहू मिळतोय की, बाई."